एकोणीस टप्पे

लाँगइयरब्येन ते नी-ओलेसुन हे अंतर हवाईमार्गाने साधारण ११० किलोमीटर आहे. विमानाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये हेच अंतर उलट दिशेने कापायला मला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांबद्दल आमच्या घरात फारसं कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी ही गावं कुठे आहेत ते सांगते, कारण जायचं ठरेपर्यंत मलाही नीट माहीत नव्हतं. नॉर्वेच्या उत्तर टोकाच्याही पुढे, समुद्र ओलांडून, स्वालबार्ड नावाचा बेटांचा पुंजका आहे. लाँगइयरब्येन हे तिथलं मुख्य गाव, ७८ अंश उत्तर अक्षांशावर. ऑस्लोहून थेट विमान तीन तास घेतं, अंतर दोन हजार किलोमीटर. नी-ओलेसुन त्याच्याही वायव्येला. एके काळी तिथे कोळशाची खाण होती. १९६२ साली स्फोट होऊन २१ माणसं गेली, खाण बंद पडली आणि हळूहळू गाव शास्त्रज्ञांचं झालं. भारताचं ‘हिमाद्री’ हे केंद्र तिथे १ जुलै २००८ला सुरू झालं. गोव्यात वास्कोला जी ध्रुवीय आणि सागरी संशोधन संस्था आहे, ती ते चालवते. मी तेव्हा पुण्यात पीएचडी करत होते. तिथल्या फियोर्डच्या, म्हणजे कोंग्सफियोर्ड नावाच्या खाडीच्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती हा विषय. पाच आठवड्यांसाठी एका गटाबरोबर जायची संधी मिळाली.

या दोन गावांमध्ये रस्ता नाही. स्वालबार्डमध्ये कुठल्याच दोन वस्त्यांच्या मधे रस्ता नाही. डोंगर, हिमनद्या आणि अस्वलं. उन्हाळ्यात बोट किंवा विमान, हिवाळ्यात बर्फावरच्या स्कूटरही.

हे सगळं मी आण्णांना सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“किती टप्पे?”

आण्णा एसटीत कंडक्टर होते. सातारा डेपो. एसटीचं भाडं किलोमीटरवर नसतं, टप्प्यावर असतं, आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. आमच्या घरात जगातलं कुठलंही अंतर शेवटी टप्प्यांतच यायचं. दादाच्या कॉलेजचं, मामाच्या गावाचं, टीव्हीवर दाखवलेल्या कुठल्याशा युद्धाचंसुद्धा. मी ‘एकशे दहा किलोमीटर’ म्हटल्याबरोबर ते म्हणाले, “एकोणीस. अठरा पुरे होतात, वर दोन किलोमीटर राहतात, त्याचा टप्पा लागतो.” मग जरा थांबून, “म्हणजे सातारा-पुणंच की.”

खरंच. साताऱ्याहून पुणं रस्त्याने तेवढंच आहे. मग त्यांची माझ्या प्रवासातली उत्सुकता एकदम कमी झाली. सातारा-पुणं त्यांनी किती हजार वेळा केलं असेल. त्यातून नॉर्वेतून नॉर्वेतच जायला पुन्हा पासपोर्ट दाखवायचा असतो, हे कळल्यावर तर ते हसायलाच लागले. (स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे. तिथे राहायला व्हिसा लागत नाही, पण जाता-येता शेंगेनमधूनच जावं लागतं, त्यामुळे व्हिसा दोनदा आत येता येईल असाच हवा. कुणी जाणार असेल तर ही एक गोष्ट विसरू नका.)

नकाशाची एक गंमत आहे. फोनवरच्या सपाट नकाशात ही दोन गावं शोधलीत, तर ती एकमेकांपासून भलतीच लांब दिसतील. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची म्हणजे ध्रुवाकडचा भाग ताणावा लागतो. ७८-७९ अंशांवर तो ताण जवळजवळ पाचपट होतो. म्हणजे आपल्याकडच्या मापाने बघितलं, तर हे ११० किलोमीटर साडेपाचशेसारखे दिसतात. पुण्याहून हैदराबादच्याही पुढे. प्रत्यक्षात तिथे रेखांश एकमेकांना अगदी चिकटत आलेले असतात. साताऱ्यात एक अंश रेखांश म्हणजे १०६ किलोमीटर, तिथे जेमतेम २२. आईने दादाच्या फोनवर तो नकाशा बघितला होता आणि तिचा समज शेवटपर्यंत तोच राहिला, की मी पहिल्या गावापासून फार लांबच्या दुसऱ्या गावात आहे. नंतर मला वाटलं, तिचाच नकाशा बरोबर होता.

जाताना काहीच त्रास झाला नाही. लाँगइयरब्येनच्या विमानतळाबाहेर एक खांब आहे, त्यावर जगातल्या शहरांची नावं आणि अंतरं लिहिलेल्या पाट्या. सगळे तिथे फोटो काढतात, मीही काढला. साताऱ्याची पाटी असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढचं विमान डॉर्निअर २२८, पंख्यांचं, वीसपेक्षा कमी माणसांचं. सामानाचं वजन काटेकोर बघतात. आपल्याकडे कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स हीच विमानं बनवतं, त्यामुळे मला उगाचच ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. खाली हिमनद्या, त्यांच्यावरच्या निळ्या भेगा, टोकदार डोंगर. फोटो काढता काढताच उतरायची वेळ झाली. खडीची धावपट्टी, छोटीशी इमारत आणि गावात न्यायला गाडी. आमची वडूज-सातारा गाडी स्टँडवर लागायला याहून जास्त वेळ घेते.

नी-ओलेसुनला पोहोचल्यावर पहिली सूचना अस्वलांची असते, असं सगळ्यांना वाटतं. ती असतेच, बंदूक घेतल्याशिवाय वस्तीबाहेर जायचं नाही, दारांना कुलपं लावायची नाहीत, कारण कुणाला पळत आत शिरावं लागेल ते सांगता येत नाही. पण त्याच्याही आधी फोन. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि राहाल तितके दिवस तसाच ठेवायचा. वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, मोबाइलला रेंज नाही. आजूबाजूच्या वीस किलोमीटरमध्ये रेडिओ शांतता पाळतात. इंटरनेट आहे, पण भिंतीतल्या केबलने. लॅपटॉपला वायर लावायची, खुर्चीत बसायचं आणि मग जगाशी बोलायचं.

याचं कारण गावाजवळ उभे असलेले मोठे अँटेना. एका रविवारी तिथल्या एका बाईंनी आम्हाला ते समजावून सांगितलं. अब्जावधी प्रकाशवर्षांवर क्वेसार नावाच्या गोष्टी आहेत, त्यांच्याकडून फार क्षीण रेडिओलहरी येतात. त्या लहरी इथल्या अँटेनावर एका क्षणी पोहोचतात, दुसऱ्या खंडातल्या अँटेनावर थोड्या वेगळ्या क्षणी. त्या दोन क्षणांमधला फरक अत्यंत अचूक घड्याळांनी मोजला की दोन अँटेनांमधलं अंतर कळतं, मिलिमीटरपर्यंत. खंड सरकतात ते असंच मोजतात. युरोप आणि अमेरिका वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर लांब जातात, वगैरे. अशा लहरी ऐकायच्या तर शेजारी कुणाचं वायफाय बोलत असून चालत नाही. मला हे सगळं फार आवडलं. अंतर मोजायचं म्हणजे शेवटी वेळ मोजायची, असं मी त्या रात्री वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ‘रात्री’ म्हणजे घड्याळातल्या. ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही. परत आल्यावर प्रत्येकाने विचारलं, नॉर्दर्न लाइट्स बघितलेस का? नाही हो. उन्हाळ्यात साधा अंधारही बघितला नाही.

फोनशिवाय राहण्याची सवय लागायला मला चार दिवस लागले. पहिल्यांदा हात सारखा खिशाकडे जायचा. मग तेही थांबलं. जेवायला सगळं गाव एकाच मेसमध्ये जमतं. कुणाच्याच हातात फोन नाही, सगळे एकमेकांशी बोलताहेत. असं दृश्य मी लहानपणी गावच्या पंगतीत बघितलं होतं, त्यानंतर तिथेच. मी घरी आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल करायचे, रविवारी आणि बुधवारी. आण्णा स्क्रीनवर यायचे, पाऊस किती आहे ते सांगायचे, उठून जायचे. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. आठवड्यातले पाच दिवस कुणालाच माझ्यापर्यंत पोहोचता येत नाही, याचं सुख होतं. हे मी अजून घरी कबूल केलेलं नाही.

बुधवार, ७ ऑगस्ट. सकाळी आठ वाजता नमुने गाळायला जायच्या आधी लॅपटॉपला वायर लावली. दादाची मेल होती, आठ तासांपूर्वीची. दादा मेल कधीच लिहीत नाही. तीन ओळी होत्या. मंगळवारी रात्री आण्णांच्या छातीत दुखायला लागलं. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं. ‘अँब्युलन्समध्ये आहोत, तुझा फोन लागत नाही.’

मी फोन केला तेव्हा भारतात साडेअकरा वाजले होते. अँजिओप्लास्टी पहाटेच झाली होती. आण्णा आयसीयूत होते. डॉक्टरांनी पुढचे ७२ तास महत्त्वाचे म्हणून सांगितलं होतं. दादाने सगळं नीट, क्रमाने सांगितलं, बँकेत फॉर्म भरताना सांगतात तसं. बोगद्यातून आलो, टोलनाक्यावर अँब्युलन्सला लगेच सोडलं, पाऊस तुफान होता, तरी दोन तास दहा मिनिटांत पोहोचलो. खाली कोल्हापूर-सांगली पाण्यात होतं, तिकडचा महामार्ग बंद पडला होता; आपलं तोंड पुण्याकडे होतं म्हणून वाचलो, म्हणाला. मागे आईचा आवाज येत होता. “तिला कशाला सांगतोस? ती काय येणारे तिथनं?”

हे वाक्य माझ्या कानात जे बसलं ते अजून निघालेलं नाही.

मी चौकशी केली. गाव सांभाळणाऱ्या कंपनीच्या ऑफिसातली मुलगी फार चांगली होती, तिने मला आधी कॉफी दिली. पुढचं विमान गुरुवारी, त्यात एक जागा होती. ती मला मिळाली. पुढची तिकिटं गटप्रमुखांनी बदलून घेतली. गुरुवारी दुपारी लाँगइयरब्येन, संध्याकाळी ऑस्लो, शुक्रवारी रात्री मुंबई असा हिशोब बसत होता. ७२ तासांच्या आत. मी दादाला मेल केली, ‘शनिवारी पहाटे पुण्यात पोहोचते.’ आईला वाचून दाखव, असं मुद्दाम लिहिलं.

गुरुवारी सकाळी उठून खिडकीतून बघितलं, तर समोर फियोर्ड नव्हता.

उन्हाळ्यात त्या भागात धुकं येतं ते समुद्रावरून येतं. थंडगार पाण्यावर जरा उबदार, दमट हवा आली की खाली पांढरी गोधडी पसरल्यासारखं होतं, आणि वर, दोन-तीनशे मीटरवर, लख्ख ऊन असतं. डोंगरांचे शेंडे धुक्यातून बाहेर आलेले दिसत होते. सगळे म्हणाले, जाईल. आम्ही सामान घेऊन धावपट्टीवर गेलो. दुपारी विमानाचा आवाज आला.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. विमान आमच्या डोक्यावर होतं. वर ऊन होतं, त्यांना डोंगर दिसत असणार, हिमनद्या दिसत असणार, फक्त आम्ही दिसत नव्हतो. आवाज फियोर्डच्या दिशेने गेला, फिरून परत आला, मोठा झाला, पुन्हा लांब गेला. माझ्या शेजारी एक जर्मन आजोबा उभे होते, पक्ष्यांवर काम करणारे. ते डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते. तिसऱ्यांदा आवाज लांब गेला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि आपली बॅग उचलली. त्यांना कळलं होतं. मला कळायला आणखी पाच मिनिटं लागली.

जिथे खंडांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात, तिथून दिसतील इतक्या जवळ मी उभी होते आणि घरी कधी पोहोचेन हे मला कुणीही सांगू शकत नव्हतं.

शुक्रवारी विमान लाँगइयरब्येनहून निघालंच नाही. बोटीचं विचारलं, त्या दोन दिवसांत जाणारी बोट नव्हती. हेलिकॉप्टर असतं, पण ते तिथे कुणाचा जीव धोक्यात असेल त्याच्यासाठी. माझा जीव ठणठणीत होता. मी दिवसातून सहा-सात वेळा वायर लावून दादाला विचारायचे. तो एका ओळीचं उत्तर द्यायचा. ‘बीपी ठीक.’ ‘झोपलेत.’ ‘लघवी कमी होतेय, डॉक्टर बघताहेत.’ मग चार तास काहीच नाही. त्या चार तासांत मी खोलीतून हलले नाही. भिंतीतून आलेली ती निळी वायर, साधारण दोन मीटरची. तेवढ्याच परिघात मी फिरत होते. बाहेर धुक्यात कुठेतरी आर्क्टिक टर्न पक्षी ओरडत होते.

रात्री दोन वाजता मी उठून बाहेर गेले. उजेड होता, पण पांढरा, कुठूनच न येणारा. गावाच्या कडेला लोखंडी मनोरा आहे. १९२६च्या मे महिन्यात आमुंडसेन आणि नोबिले यांचं ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज त्याला बांधलेलं होतं. इथून निघून ध्रुवावरून ते अलास्कात उतरलं. ध्रुव इथून साधारण १,२३० किलोमीटर, मुंबई-दिल्लीपेक्षा थोडासाच जास्त. इथून लोक ध्रुवावर जाऊन पोहोचले, आणि मला साताऱ्या-पुण्याइतकं अंतर जाता येईना. मनोरा वस्तीच्या हद्दीबाहेर पडतो, त्यामुळे मी त्याच्याकडे गेले नाही. धुक्यात अस्वल दिसत नाही. परत येऊन खुर्चीत बसले.

शनिवारी सकाळी धुकं नव्हतं. कधी गेलं तेही कळलं नाही. विमान आलं, आम्ही बसलो, वीस-पंचवीस मिनिटांत उतरलो. इतकं सोपं होतं की मला रडू आलं. फोन सुरू केला आणि पाच आठवड्यांचं सगळं एकदम येऊन आदळलं. वाढदिवस, मीम्स, कुणाचं तरी लग्न ठरल्याचं, आणि त्यांच्या मधे मंगळवारी रात्रीचे दादाचे चौदा मिस्ड कॉल. त्या चौदामध्ये किती किती मिनिटांचं अंतर होतं, ते मी ऑस्लोपर्यंत बघत बसले. पहिले पाच मिनिटा-मिनिटाने. मग दहा मिनिटांची फट, तेव्हा बहुतेक अँब्युलन्स आली असेल. शेवटचा पहाटे.

ऑस्लोत रात्र काढावी लागली, मग आखातातल्या एका विमानतळावर दोन तास, मग मुंबई, मग टॅक्सी. बुधवारी सकाळी मेल वाचल्यापासून सोमवारी हॉस्पिटलच्या दारात उभं राहीपर्यंत जवळजवळ १२० तास झाले. त्यातले विमानात घालवलेले सगळे मिळून साडेतेरा.

आण्णा तोपर्यंत साध्या वॉर्डात आले होते. दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. म्हणजे मी पोहोचले तेव्हा करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. आईने मला जवळ घेतलं, “किती वाळलीस” म्हणाली. दादा बिलाच्या फाइलमध्ये बघत राहिला. बाहेर चहा प्यायला गेलो तेव्हा म्हणाला, “सगळ्या सह्या मी केल्या. एक विचारायला माणूस नव्हता. तुला फोन लावत होतो, ती बाई सारखं सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.” मी म्हटलं, दादा, धुकं होतं. तो म्हणाला, “मंगळवारी नव्हतं.”

बरोबरच होतं त्याचं. मंगळवारी नव्हतं. मंगळवारी मी मेसमध्ये दोन कोरियन मुलींबरोबर पत्ते खेळत होते. केबल खोलीत होती, ती लावायला मला कुणी अडवलं नव्हतं. मंगळवार हा माझा बोलायचा वार नव्हता, एवढंच.

संध्याकाळी आई आणि दादा घरून सामान आणायला गेले आणि आण्णांजवळ मी एकटी राहिले. ते बराच वेळ छताकडे बघत पडले होते. मग म्हणाले,

“एकशे दहा किलोमीटरला तीन दिवस?”

मी सांगायला लागले. धुकं, आवाज, विमान तीनदा येऊन परत गेलं ते. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. उलट उशीवर जरा वर सरकले.

“बामणोलीची मुक्कामी गाडी होती माझ्याकडं,” ते म्हणाले, “कासवरनं. श्रावणात तिथं अशी धुई पडायची, की ड्रायव्हरला स्वतःचा हेडलाइट दिसायचा नाही. मग मी खाली उतरायचो. बॅटरी घेऊन गाडीच्या म्होरं चालायचो. मी चालायचो तेवढीच गाडी चालायची. आत सगळी माणसं गप. एकदा चार किलोमीटर चाललोय असा. टप्पा पण होत नाही त्याचा.” मग जरा दम घेऊन, “आणि बामणोलीत पोहोचलं की समोर पाण्यापलीकडं तापोळा. लाँचनं गेलं की आलंच. गाडीनं जायचं म्हटलं तर आख्खा डोंगर फिरून. लोकं विचारायची, तापोळा किती लांब? मी म्हणायचो, कशानं जाणार ते सांगा आधी.”

मी त्यांच्या पायावरची चादर नीट केली. सलाइनच्या सुईमुळे त्यांचा हात सुजला होता. त्याच हाताने त्यांनी पस्तीस वर्षं तिकिटं फाडली, नंतर मशीन आल्यावर बटणं दाबली.

“परत फिरायचं कोण ठरवतं त्या विमानात?”

“पायलट.”

“एकटाच?”

“दोघं असतात, आण्णा. पण पुढंच बसलेले.”

“आणि बेल कोण देतं?”

“बेल नसते. कंडक्टरच नसतो त्याच्यात.”

त्यांना हे अजिबात पटलं नाही. ते पुन्हा छताकडे बघायला लागले. नर्स येऊन बीपी बघून गेली, शेजारच्या खाटेवरच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, पूर ओसरत असल्याच्या बातम्या चालल्या होत्या. मला वाटलं ते झोपले. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं,

“मग मागं कोण बघतं?”